ऐंशीचा डॉलर

मी संशयी आहे असं माझी सून तोंडाने कधी म्हणत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ वाचता येतं. मला त्याचं काही वाटत नाही. संशय घेतला नसता तर लालबागच्या या गाळ्यात चकलीचा धंदा इतकी वर्षं टिकलाच नसता. तेलवाला डब्यात तेल कमी भरतो, खोकीवाला पुठ्ठा पातळ देतो, कुरिअरवाला वजन वाढवून सांगतो, आणि सगळे जण वर म्हणतात, “काकी, तुमच्याशी कशाला खोटं बोलू?” जो असं म्हणतो त्याचा माल मी पुन्हा मोजून घेते.

आमचे हे गेल्यापासून घाडीगावकर गृहउद्योग मीच बघते. चकली, कडबोळी, चिवडा, भाजणी, मालवणी मसाला. मुलगा वैभव विमानतळावर कार्गोत नोकरीला आहे, त्याचा आमच्या चकलीशी संबंध खाण्यापुरता. त्याची बायको मेघना मात्र लग्न होऊन आली आणि सहा महिन्यांत गाळ्यावर येऊन बसायला लागली. नायगावची मुलगी, बीकॉम झालेली, बोलायला गोड. परदेशात माल पाठवायची कल्पना तिचीच. आधी मस्कत, मग दोहा, मग लंडन, आणि गेल्या वर्षापासून कॅनडा. पोरगी हुशार आहे हे मी नाकारत नाही. पण हुशार माणसावर नजर जास्त ठेवावी लागते, कारण मठ्ठ माणसाची चोरी आपोआप उघडी पडते.

आता सोमवारी दादरला सीएच्या ऑफिसात जाऊन मी निम्मा धंदा तिच्या नावावर करणार होते. भागीदारीचे कागद तयार होते. सीए म्हणाले, काकी, तुमचं वय होत चाललं, बँकेच्या सह्या तिला करू द्या. वैभवने महिनाभर डोकं खाल्लं. शेवटी मी हो म्हटलं, आणि हो म्हटल्याक्षणापासून मनात पाल चुकचुकायला लागली. आयुष्यभर जे मुठीत धरलं ते अर्धं दुसऱ्याच्या मुठीत द्यायचं, ते देण्याआधी ती मूठ उघडून बघायला नको का?

सीएंनीच सांगितलं की भागीदारी होण्याआधी हिशेबाचं नवीन सॉफ्टवेअर बसवून घ्या. जुन्यात परदेशी पैशांचा सगळा गोंधळ हाताने करावा लागायचा. म्हणून शुक्रवारी दुपारी नेरिसा आली. गिरगावात खोताच्या वाडीत राहणारी, चाळिशीची, केस बारीक कापलेले, लॅपटॉप छातीशी धरलेला. तिला मेघनाने शोधून आणलं होतं, म्हणजे यात मेघनाचं कमिशन असणार असा माझा पहिला विचार. मी चहाबरोबर चकल्या पुढे केल्या. तिने बशी रिकामी केली आणि आणखी आहेत का विचारलं. त्यामुळे ती मला थोडी बरी वाटली, कारण जी बाई भूक लपवत नाही ती बाकीचंही फारसं लपवत नसावी.

मेघना तेव्हा बँकेच्या कामाला दादरला गेली होती. गाळ्यात मागे सुंदराबाई चकल्या तळत होती आणि पुढे टेबलाशी आम्ही दोघी.

“आंटी, हे बघा,” नेरिसा म्हणाली. “इथे आपली घरची करन्सी, रुपी. एकदा लॉक केली की चेंज नाय होणार. इथे कस्टमरची करन्सी. इथे रेट. आन् इथे रेटची डेट, म्हणजे ऑर्डर घेतली त्या दिवसाचा भाव लावायचा की बिल बनवलं त्या दिवसाचा.”

“भाव ठरवतं कोण?”

“कोणी नाय. बँकेचा रोजचा रेट आपोआप येऊन बसतो.”

“आपोआप येणाऱ्या गोष्टींवर माझा भरवसा नाही.”

“मग फिक्स्ड टाका. पण फिक्स्ड कोणीतरी हाताने टाकलेला असतो, म्हणून त्याचं नाव इथे बाजूला दिसतं.”

हे मला आवडलं. ज्याने हात लावला त्याचं नाव दिसतं, अशी सोय तेलाच्या डब्याला पण पाहिजे होती. मी खुर्ची जवळ ओढली.

तिने जुन्या सॉफ्टवेअरमधली गिऱ्हाइकं एकेक करून नवीन जागी आणायला सुरुवात केली. मस्कतचा रियाल बरोबर, दोह्याचा बरोबर, लंडनचा पौंड बरोबर. कॅनडाला मात्र तिचा हात थांबला. कॅनडात आमचं एकच गिऱ्हाईक, ब्रॅम्प्टनचं नॉर्थ लेन फूड्स.

“आंटी, इथे लोच्या आहे. बँकेचा रेट चालू आहे बासष्ट-त्रेसष्ट. यांना ऐंशी लावलाय. फिक्स्ड. पहिल्या बिलापासून.”

“ऐंशी म्हणजे जास्तच की. आपला फायदा.”

“उलटं. आपली किंमत रुपीजमध्ये आहे ना? समजा हजाराचा माल. त्याला बासष्ट-त्रेसष्टने भागलं तर त्यांना सोळा डॉलर पडतात. ऐंशीने भागलं की साडेबाराच. बिल साडेबारा डॉलरचं जातं, ते साडेबारा पाठवतात. आन् बँक काय ऐंशीने थोडी घेणार? बँक आपल्या बासष्टनेच घेते. हजाराच्या मालाचे आपल्याला पावणेआठशे मिळाले.”

“आणि वरचे सव्वादोनशे?”

“ते लॉस म्हणून लिहिलेत.”

“पण गेले कुठे?”

“गेले नाय कुठे, आंटी. आलेच नाय.”

ती सॉफ्टवेअरची बाई, तिला एवढंच दिसलं. मला पुढचं दिसलं. पैसे जगात कुठे ना कुठे असतातच. माझ्याकडे आले नाहीत म्हणजे दुसरीकडे राहिले. ब्रॅम्प्टनच्या कोणा शेटजीला माल स्वस्तात मिळतो, तो उरलेल्यातला निम्मा स्वतः ठेवतो आणि निम्मा गुपचूप कोणाला तरी पाठवतो, इतकं सरळ होतं ते.

“दर टाकणाऱ्याचं नाव काय आहे?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

“मेघना मॅडम.”

मी उठून पाणी प्यायले. राग आला होता, पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली एक समाधानही होतं, की मी उगाच पाल ऐकत नव्हते.

मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. कॅनडाचं खोकं मेघना नेहमी स्वतः भरते. बायकांना हात लावू देत नाही. एकदा मी मागून गेले तर बिलात नसलेली आमसुलांची पुडी ती कोपऱ्यात खोचत होती. विचारलं तर म्हणाली, सॅम्पल आहे. तिच्या माहेरची चाळ पाडायला घेतली म्हणून तिचा भाऊ राजेश परळला भाड्याच्या जागेत राहतो. भाड्याच्या जागेत त्याने दोन दारांचा फ्रिज घेतला. एवढा पैसा पोलीस कँटीनच्या नोकरीत मिळतो? मी गणपतीत गेले होते तेव्हा त्या फ्रिजला हात लावून बघितला होता. चांगला जड होता.

मी मागे जाऊन सुंदराबाईला विचारलं. ती आमच्याकडे पहिल्यापासून आहे आणि तिला सगळं माहीत असतं.

“मेघना फोनवर कोणाशी बोलते गो?”

“माका काय म्हायत?” झारा कढईवर झाडत ती म्हणाली. “सांजवेळेक जिन्यात जावन बोलतत.”

“काय बोलते?”

“हळू बोलतत. म्हणान तर सांगतंय.”

संध्याकाळी आपल्याकडे दिवे लागतात तेव्हा ब्रॅम्प्टनला सकाळ असते. हे मला ठाऊक होतं, कारण मी स्वतः एकदा माझ्या मुलीला विचारलं होतं. माझी मोठी मुलगी आकांक्षा लग्न होऊन कॅनडालाच आहे, व्हँकूव्हरला. जावई हर्षवर्धन तिथे इंजिनिअर. कॅनडाची पहिली ऑर्डर आली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, ब्रॅम्प्टन तुझ्यापासून जवळ असेल तर त्या दुकानदाराचं तोंड बघून ये. ती हसली होती. “आई, विमानाने चार-पाच तास लागतात. आणि त्यांची वेळ पण वेगळी, आमच्या पुढे.” रत्नागिरीहून नागपूरला जाऊन ये म्हणण्यासारखं होतं ते. मी विषय सोडला. तिला कधी फराळ पाठवू का विचारलं तरी ती नको म्हणायची, इथे सगळं मिळतं म्हणायची. एवढी सुखात आहे पोरगी, हे मी चाळीत सगळ्यांना सांगायचे.

मेघना सहाच्या सुमारास आली. हातात फाइल, दुसऱ्या हातात शेवंतीच्या वेण्या. एक वेणी तिने सुंदराबाईला दिली आणि एक माझ्यापुढे ठेवली. मी ती उचलली नाही.

“कॅनडाचा डॉलर आज काय भावाने आहे गं?” मी विचारलं.

“बासष्ट-त्रेसष्ट असेल. का हो आई?”

“मग नॉर्थ लेनला ऐंशी कसा?”

तिने आधी नेरिसाकडे बघितलं, मग पडद्याकडे. चेहरा पांढरा पडला. गडबडून खोटं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं, पण ती खोटं बोलली नाही. पदर खांद्यावर सारखा करून समोर बसली.

“तो मी लावलाय,” ती म्हणाली. “धंद्याला त्यात खोट नाही आई. जो फरक येतो तो दर महिन्याला माझ्या पगारातून कापलाय. नेरिसा, पगाराच्या एन्ट्रीत बघ, दिसेल.”

नेरिसाने बघितलं आणि मान हलवली. “हो आंटी. कट होतोय. बरोबर तेवढाच.”

दुसरी कोणी सासू असती तर इथे गप्प बसली असती. माझा संशय उलट दुप्पट झाला. स्वतःच्या पगारातून सव्वादोनशे भरणारी बाई मला शिकवते की त्यात खोट नाही? एका खिशातून सव्वादोनशे जाताना जी हूं की चूं करत नाही, तिच्या दुसऱ्या खिशात पाचशे येत असले पाहिजेत.

“का भरतेस तू? तो काय तुझा काका लागतो?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“माका सांगता येवचा नाय? माझ्या गाळ्यात बसून?” राग आला की माझ्या तोंडात गावची भाषा येते. “कोणाक शब्द दिलंस?”

तिने हातातली फाइल टेबलावर सरळ लावून ठेवली.

“नेरिसा, नॉर्थ लेनचा फोन नंबर आहे ना त्यात? लाव. तुझ्या फोनवरून लाव. नवीन सॉफ्टवेअर बसवतोय, तुमची माहिती तपासायची आहे, असं सांग. आणि आवाज मोठा ठेव.”

मेघना उभी राहिली. “आई, फोन नका लावू.”

“का?”

“तुम्हाला माझा भरवसा नसेल तर सोमवारी सही करू नका. मी वैभवला सांगेन मलाच नको म्हणून. मी गाळ्यावर यायची बंद होते. पण फोन नका लावू.”

निम्मा धंदा सोडायला तयार झाली होती ती एका फोनसाठी. म्हणजे प्रकरण पैशांपेक्षा मोठं होतं. तिकडे कोणी पुरुष असेल, असासुद्धा विचार माझ्या मनात आला, आणि वैभवचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पोराला मी काय सांगणार होते?

“लाव,” मी नेरिसाला म्हणाले.

नेरिसाला तिथून पळून जावंसं वाटत होतं हे दिसत होतं, पण तिने लावला. मेघना तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसली आणि तिने डोळे मिटले. मागे सुंदराबाईने गॅस बारीक केला. तिला ऐकायचं होतं.

रिंग बराच वेळ गेली. मग कोणीतरी उचलला.

“नॉर्थ लेन फूड्स, गुड मॉर्निंग.”

बाईचा आवाज होता. घाईतला, कामातला. मागे चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता.

“गुड मॉर्निंग मॅडम,” नेरिसा म्हणाली. “मी मुंबईवरून बोलते. लालबागच्या घाडीगावकरांकडे नवीन सॉफ्टवेअर बसवतोय, त्यात तुमच्या अकाउंटची माहिती चेक करायची होती.”

पलीकडचा आवाज लगेच मराठीत आला आणि खाली आला. “हो हो, मेघना बोलली होती. माझं एक काम कराल का? कस्टमर म्हणून फक्त नॉर्थ लेन एवढंच ठेवा. माझं स्वतःचं नाव कुठेही येता कामा नये, फोनच्या पुढेसुद्धा नको. तिच्या सासूबाई एकेक ओळ बघतात.” पुन्हा पट्टी फाडल्याचा आवाज आला. “म्हणजे माझी आई.”

मला आवाज आधी ओळखता आला नव्हता. आईला लेकीचा आवाज पहिल्या शब्दाला कळतो म्हणतात, मला नाही कळला. माझ्याशी ती नेहमी हसून बोलायची. कामातला तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

“आकांक्षा,” मी म्हणाले.

चिकटपट्टीचा आवाज बंद झाला.

“आई?”

“तू ब्रॅम्प्टनला काय करतेस?”

“राहते.”

“कधीपासून?”

“गेल्या दिवाळीच्या आधीपासून.”

“आणि हर्षवर्धन?”

“तो तिकडेच आहे. व्हँकूव्हरला.” तिने ते असं सांगितलं की पुढचं विचारायची गरज राहिली नाही. मग तिनेच सांगितलं, सरळ, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. वेगळे झालो. कागदपत्रं चालू आहेत. नोकरी तिथे सुटली, इथे एका ओळखीच्या बाईने तळघरातली खोली दिली. आजूबाजूला मराठी, गुजराती घरं पुष्कळ. फराळ आणि मसाला विकते. शनिवारी-रविवारी एका हॉलबाहेर टेबल मांडते. बरं चाललंय.

मी टेबलाची कड धरून बसले. मला आधी लागलं ते भलतंच. माझी आई माझ्या सासरी आली की घोटभर पाणीसुद्धा प्यायची नाही. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही म्हणून शेजारणीकडे जाऊन प्यायची. त्या बाईची मुलगी मी. आणि मी वर्षभर माझ्या पोटच्या पोरीला बिलं पाठवत होते, पैसे उशिरा आले की मेघनाला दोन-दोनदा आठवण करायला लावत होते.

“तू पैसे दिलेस आम्हाला,” मी म्हणाले. “माहेरी. मी माझ्या लेकीचे पैसे घेतले.”

“म्हणूनच दुसरं नाव लावलं ना, आई. मला तुझ्याकडून माल पाहिजे होता, दान नको होतं. तू पोती भरून पाठवली असतीस आणि एक पैसा घेतला नसतास. मग दुसऱ्या वेळी मागायला मला तोंड राहिलं असतं का?”

“अगं पण मला सांगायचं तरी. मेघनाला सांगितलंस. ती काल आलेली.”

आकांक्षा म्हणाली, “मेघनाला मी सांगितलं तेव्हा तिने पहिलं विचारलं, खर्चाला पैसे आहेत का. तू पहिलं काय विचारलं असतंस, सांग ना.”

माझं तोंड उघडं होतं. मी तेव्हा काहीतरी विचारायच्या बेतात होतेच. आणि ते असं होतं: तू असं काय केलंस, म्हणून त्याने सोडलं? शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मी ते गिळले. डोळ्यांत पाणी आलं. नेरिसा समोर होती, सुंदराबाई दारात येऊन उभी होती, तरी मी ते पुसलं नाही.

“रागावलीस?” आकांक्षाने विचारलं.

“नाही.”

“खरं?”

“नाही म्हटलं ना.”

“मग एक सांगून टाक. आता तुला कळलंच आहे, तर मध्ये काही लपवाछपवी नको. तुमचं नवीन सॉफ्टवेअर येतंय, माझा दर काय राहणार? वाढवायचा असेल तर वाढव, मी इथे किमती तशा लावीन. पण बाकीच्यांना जो लावतेस तोच मला लाव. मुलगी म्हणून एक पैसा कमी करायचा नाही. मेघनाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की परदेशातल्या सगळ्यांना हेच भाव आहेत, म्हणून तर मी सुरुवात केली. तुझ्या मेहेरबानीवर मला धंदा नाही उभा करायचा.”

मी मेघनाकडे बघितलं. ती डब्यावरून उठली होती. दोन्ही हात जोडून ती नुसती मान हलवत होती, नको म्हणून.

तेव्हा मला ते सगळं कळलं. आकांक्षाला बिल डॉलरमध्ये जातं. त्यामागे रुपये किती आणि दर काय हे तिला दिसतच नाही. तिला वाटत होतं ती पुरेपूर पैसे देते. मेघनाने माझ्यापासून आकांक्षा लपवली होती आणि आकांक्षापासून ऐंशीचा दर लपवला होता, आणि मधली भर स्वतःच्या पगारातून घालत होती. नणंदेला माहेरचं काही पोचावं आणि ते पोचलं हे तिला कळूही नये, म्हणून.

मी आयुष्यात हिशेबात खोटं बोललेले नाही. वाणी बोलला, सीए बोलला असेल, आमचे हेसुद्धा एकदोनदा बोलले. मी नाही.

“सगळ्यांना एकच दर आहे,” मी म्हणाले. “तुला लागतो तोच.”

“नक्की ना?”

“मी सांगतेय.”

तिने श्वास सोडलेला फोनमधून ऐकू आला. “मग ठीक आहे. हिशेबात तू कोणाचा मुलाहिजा ठेवत नाहीस, एवढं मला माहीत आहे. बाकी सगळं गेलं आई माझं. हे एवढं तरी मी माझ्या पैशाने उभं केलंय, कोणाच्या उपकाराने नाही, असं म्हणते आणि झोपते.”

नेरिसाने फोन माझ्या आणखी जवळ सरकवला.

“पुढच्या खेपेला काय पाठवू?” मी कसंबसं विचारलं.

“कडबोळी जास्त. मागच्या वेळी दोन दिवसांत संपली. आणि भाजणी.” मग ती म्हणाली, “आणि ती आमसुलं बिलात धरा. मेघना तशीच टाकते, मला सांगूनसुद्धा ऐकत नाही.”

“धरू,” मी म्हणाले. “आता कोणीतरी आलं असेल ना गिऱ्हाईक? ठेव. रविवारी बोलू.”

फोन बंद झाला. सुंदराबाई डोळे पुसत कढईकडे गेली. आता ती गल्लीभर सांगणार हे मला कळत होतं. मी तिला हाक मारून बजावलं की या गाळ्यातून एक शब्द बाहेर गेला तर उद्यापासून तुझा झारा मी हातात घेईन. ती म्हणाली, काकीनू, मी काय ऐकलंयच नाय.

नेरिसाने घसा साफ केला. “आंटी, मग ऐंशीच ठेवू? दर महिन्याला लॉस दिसत राहील.”

“दिसू दे. आणि मेघनाच्या पगारातून कापायचं बंद. आजपर्यंत कापलेलं तिला परत. फरक माझ्या वाट्यातून जाईल.”

“निम्मा माझ्या,” मेघना म्हणाली.

“तुझा वाटा कुठला?”

“सोमवारी सही केलीत तर.”

ती शांतपणे बोलली होती, पण त्या ‘केलीत तर’मध्ये सगळी दुपार होती. फ्रिज, जिना, आणि तिकडच्या पुरुषाचा विचारसुद्धा; मी मोठ्याने बोलले नव्हते, पण तिने माझ्या तोंडावर वाचलं असणार. तिने शब्द दिला होता म्हणून ती चोर ठरायला तयार झाली होती, आणि मी तिला ठरवायला तयार होते. मला लाज वाटली. एवढी लाज मला आमच्या ह्यांच्या समोरसुद्धा कधी वाटली नव्हती.

“करणार आहे सही,” मी म्हणाले. “मेघना, माझं चुकलं.”

तिने मान हलवली. “हो,” एवढंच म्हणाली. रागाने नाही, पण नाही कशाला वगैरे काही म्हणाली नाही. मग ती मागे गेली आणि ब्रॅम्प्टनचं खोकं पुढे ओढून भरायला बसली. मी उठून तिच्या समोर बसले आणि खोक्याचे कान दाबून धरले, म्हणजे तिला पट्टी लावता येईल. तिने थोडा वेळ वाट बघितली, मी हात काढते का ते. मग पट्टी लावली.